माझ्या लग्नातला बार

माझ्या लग्नात शिवेवर बंदुकीचा बार व्हावा की होऊ नये, या एका गोष्टीवरून आधी दोन घरांत तेढ आली, मग माझं बाबांशी बोलणं बंद झालं, आणि शेवटी मी सगळ्या गावावरच रुसले. रुसण्यात मी लहानपणापासून पटाईत. आमची माय म्हणायची, या गिरजाच्या नाकावर राग नुसता बसलेला नसतो, तिथे त्याने घर बांधलेलं आहे.

आमचं पळसबोडी सिंदेवाहीकडच्या जंगलात. गावाच्या मावळतीला तलाव, त्याच्या बांधाखाली, म्हणजे पाळीखाली, धानाच्या बांध्या, आणि पाळीवर उभं राहून पलीकडे पाहिलं तर नजर पोहोचेल तिथवर साग, मोह आणि तेंदू. मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, राज्यात इथे बंदुकीला काही धरबंध नव्हता. दसऱ्याला बार, वाड्यावर मुलगा झाला की बार, साहेब शिकारीला आला की बार, आणि साहेब गेला की सुटलो म्हणून बार. मालगुजाराची म्हैस व्याली तरी बार व्हायचा, असं माय सांगायची. ते खोटं असेल, पण फार खोटं नसेल.

मग मालगुजारी गेली आणि पंचायत आली. आम्ही तेव्हा मध्य प्रदेशात होतो, कारभार नागपूरहून चालायचा. गावचे पहिले सरपंच भैयाजी. धानाची शेती, खणखणीत आवाज, आणि पिकाच्या राखणीसाठी लायसन काढलेली एक भरमार बंदूक, नळीत दारू ठासून उडवायची तसली. त्यांच्या पंचायतीने पहिला ठराव रस्त्याचा केला नाही की विहिरीचा केला नाही. कोतवालाने दवंडी पिटली ती अशी, की पळसबोडीच्या शिवेत हौसेखातर कोणी बंदूक उडवायची नाही आणि फटाका, अनार, बाण काही पेटवायचं नाही. बार होईल तो एकाच कामाला. जंगलात कोणी हरवलं तर त्याला गावाकडे बोलवायला. जो नियम मोडेल त्याने दंड म्हणून तलावाच्या पाळीवर मातीच्या पाट्या टाकायच्या.

दिवाळीत भैयाजींचेच जावई पाहुणे आले आणि अंगणात फटाक्यांची लड लावून बसले. दुसऱ्या दिवशी नव्या कोऱ्या धोतरात जावईबापू पाळीवर माती टाकत होते आणि सासरे काठी घेऊन शेजारी उभे होते. तेव्हापासून गावात कोणी फटाक्याचं नाव काढलं नाही. भैयाजींची स्वतःची बंदूकही खुंटीला लटकली. रानडुकरं हाकलायला ते पत्र्याचा डबा बडवत. लायसन बंदुकीचं आणि राखण डब्याची, अशी आम्ही पोरी त्यांची थट्टा करायचो.

हा ठराव मागितला होता सोमाजीबाबांनी. गावाच्या टोकाला, गोंडवस्तीत, ते एकटेच राहायचे. बांबूच्या टोपल्या विणायचे. त्यांची बायको बुधरी मालगुजाराच्या काळात एका चैतात मोहफुलं वेचायला गेली, वावधान सुटून आभाळ धुळीने भरलं, आणि ती वाट चुकली. गाव शोधायला निघालं. जो तो जंगलात शिरून वेगवेगळ्या बाजूंनी हाका मारत होता. वाड्यावरून बंदूक मिळाली, पाळीवरून बारही काढले. पण त्याच दिवशी पहाडीपलीकडे मालगुजाराचे पाहुणे शिकार खेळत होते, आणि शेजारच्या गावात लग्नाचे बार चालले होते. बुधरीने बार ऐकले नसतील असं नाही. चारी बाजूंनी ऐकले असतील. ती सापडली पहाडीपलीकडे, शिकाऱ्यांच्या मचाणाच्या वाटेवर, एका कोरड्या नाल्यात. तहानेने गेली होती. मोहफुलांची टोपली शेजारी नीट ठेवलेली होती.

सोमाजीबाबांनी कोणाला दोष दिला नाही. पंचायत पहिल्यांदा बसली तेव्हा मात्र ते उठले आणि म्हणाले, बोलवणारा आवाज एकच असावा, नाहीतर नसावाच. भैयाजींना ते पटलं. तसेही फटाक्यांनी तणसाचे ढीग पेटत होतेच.

हे सगळं मला माहीत होतं. पण लग्नाच्या वयात दुसऱ्याचं दुःख माणसाला माहीत असतं, कळत नसतं.

माझी सोयरीक चिमूरकडे जमली. नवरदेवाचं नाव शालिकराम. उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आमची रीत, पण लिहिताना उखाणे कुठवर जुळवत बसू? एकदा लिहून टाकलं, आता पुढे ‘हे’ म्हणेन. ह्यांचे वडील गुणवंतराव म्हणजे मोठं प्रस्थ. मोठा फेटा, मोठ्या मिशा, आणि दारात शंकरपटाच्या शर्यतीत धावणारे पांढरेशुभ्र बैल. बेचाळीसच्या गोळ्या ऐकल्यापासून चिमूरकडच्या माणसाला बंदुकीचं भय राहिलं नाही, असं ते कोणी विचारलं नसलं तरी सांगत.

सुपारी फुटली त्या दिवशी सगळं गोडीत चाललं होतं. देणंघेणं ठरलं, जेवणं झाली, आणि पान जुळवता जुळवता गुणवंतरावांनी विचारलं, “वऱ्हाड शिवेवर आलं का नवरीवाले बार काढतेत, अशी आमची रीत हाय. तुमी किती काढता?”

बाबांनी हात जोडले आणि गावचा नियम सांगितला. बार फक्त हरवलेल्याला बोलवायला, हे ऐकून गुणवंतराव मिशा हलेपर्यंत हसले.

“आमी का हरवून राह्यलो का, केवळरामभाऊ? लगन हाय का मयत हाय?”

मग हसू थांबलं. शिवेवर बार झाला नाही तर गाड्या तिथूनच माघारी फिरतील, असं ते उठता उठता सांगून गेले. हे शेजारीच बसले होते. वडिलांना एक शब्द बोलतील तर शपथ. खाली मान घालून स्वतःच्या पायांचे अंगठे पाहत होते. मी दाराच्या फटीतून पाहत होते, पण मान खाली असल्यामुळे मला चेहरा दिसलाच नाही, दिसले ते अंगठेच. डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालेलं होतं. बैलाने पाय दिला असावा, असं मला वाटलं.

बाबा भैयाजींकडे गेले. एक बार, फक्त एक, पोरीच्या लग्नापुरता. भैयाजींनी चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि नाही म्हटलं. जावयाला माती टाकायला लावली आहे, आता तुला सूट दिली तर लेक माझ्या दारात पाय ठेवणार नाही, म्हणाले. वाजंत्री दुप्पट लावू, सारं गाव शिवेवर उभं करू, पण बार नाही.

मग मी अन्न सोडलं. माझ्या मैत्रिणींची लग्नं दुसऱ्या गावांत धूमधडाक्यात झाली आणि माझं लग्न काय चोरीचं आहे, असं मी रडून रडून घर डोक्यावर घेतलं. आणि वर वऱ्हाड माघारी फिरलं तर? वऱ्हाड परत गेलेली पोरगी मग कोणाच्या दारी जाते? बाबांना तीच धास्ती होती. ते नुसते अंगणात येरझारा घालत.

शेवटी मी स्वतःच सोमाजीबाबांकडे गेले. ते दारात बसून बांबूच्या कामट्या काढत होते. मी जे मनात होतं ते सगळं ओकले. तुमचं माणूस गेलं, त्याला किती वर्षं झाली, त्यासाठी आमचं लग्न मुकं का करता, इथवर बोलले. त्यांनी कोयता खाली ठेवला.

“पोरी, तू म्हणशील तर मी नाई म्हणत नाई. भैयाजीले मीच सांगतो. पण बार ऐकला का मी पाळीकडे धावत जाईन. ते मले थांबवता येत नाई.”

भांडायला जावं आणि समोरच्याने भांडूच देऊ नये, याच्याइतका संताप दुसऱ्या कशाने येत नाही. मी तरातरा घरी आले. सोमाजीबाबा हो म्हणाले, हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बार झाला असता. पण तो म्हातारा वऱ्हाडाच्या मधून पाळीकडे धावत निघालेला माझ्या डोळ्यांपुढून जाईना. त्यामुळे मी अजूनच चिडले, आणि आता तर कोणावर चिडले आहे हेही मला कळेना.

बाबांनी माझं तोंड पाहिलं आणि त्यांच्या परीने मार्ग काढला. लोहाराकडून एक लोखंडी उखळी आणली, बाजारातून गुपचूप बाराची दारू आणली आणि दोन्ही धानाच्या ढोलीत पुरून ठेवलं. वऱ्हाड शिवेवर आलं की एक उखळी बार काढायचा आणि मग खुशाल माती टाकायची, असा त्यांचा बेत होता. मायला माहीत होतं, मला नव्हतं.

लग्न वैशाखातलं, गोरजाचं. दुपार कलली तशी मांडवात गर्दी झाली. चुलीवर भाताचे हंडे चढले, वांग्याची भाजी रटरटायला लागली, वाजंत्रीवाले डफडे तापवून बसले. मावळतीला जंगलावर धूर दिसत होता, पण तिकडे कोणी पाहिलं नाही. तेंदूपत्त्याच्या दिवसांत जंगल कुठे ना कुठे पेटलेलं असतंच. पोहऱ्यात पाणी दिसलं तर कोणी दचकतं का?

आणि मग फटाके ऐकू आले.

आधी दोन-चार, मग एकदम ढीगभर, जंगलाच्या बाजूने. मांडवात बायका हसल्या. वऱ्हाड आलं, आणि चिमूरवाले वाजवतच आले! मायने कपाळाला हात लावला. भैयाजींनी फेटा सावरून काठी उचलली, आज नवरदेवालाच पाट्या उचलायला लावतो म्हणाले. वाजंत्रीवाल्यांना वाटलं आता आपण मागे का राहावं, त्यांनी डफडे आणि सनई सुरू केली. करवल्या आरतीचं ताट शोधायला धावल्या. आणि मी? हळदीच्या अंगाने पाटावर बसल्या बसल्या मी मनात नाचत होते. कोणीतरी माझ्यासाठी नियम मोडला होता. सासरा असावा तर असा.

सगळं गाव शिवेच्या रस्त्याकडे निघालं. एकटे सोमाजीबाबा गर्दीतून फुटून पाळीकडे धावत होते. मी ते पाहिलं. बोलल्याप्रमाणे म्हातारा धावला, असं मला वाटलं आणि जरा हसूही आलं.

तेवढ्यात शिवेकडून एक बैल धावत आला. पांढराशुभ्र, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगरमाळ. पाठीवरची झूल अर्धी जळालेली, मानेजवळची कातडी भाजलेली, जोत तुटून लोंबत होतं आणि मागे गाडी नव्हती. तो मांडवाच्या खांबाला धडकून थांबला आणि थरथर कापत उभा राहिला. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. गुणवंतरावांच्या दारात त्यांनी तो बांधलेला पाहिला होता.

मग सगळ्यांनी मावळतीकडे पाहिलं. मघाचा बारीक धूर आता गाडीवाटेच्या दोन्ही अंगांना पसरून भिंतीसारखा उभा होता.

झालं होतं असं, ते आम्हाला मागाहून समजलं. आमच्या नाकावर टिच्चून वाजवायला गुणवंतरावांनी चांद्याहून पेटीभर फटाके आणले होते. शिवेच्या बऱ्याच पलीकडे वणव्याची एक ठिणगी त्याच गाडीत पडली. पेटी उडाली, बैल बिथरले, गाड्या उलटल्या, आणि धुराने डोळे भरलेली माणसं वाट सोडून जंगलात घुसली. आम्ही मांडवात हसलो ते त्या वेळी.

आमच्या गावातली तरणी पोरं हाका मारत जंगलाकडे धावायला निघाली. पाळीवरून सोमाजीबाबा ओरडले. त्यांचा एवढा मोठा आवाज मी आधीही ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

“कोणी जंगलात जाऊ नका. तिच्या वेळेस आमी हेच केलं होतं. वाजंत्री बंद करा. सारे चूप बसा. भैयाजी, बंदूक आणा.”

पुढचं मी विसरेन तर माझंच नाव विसरेन. डफडे जमिनीवर उपडे झाले. सनईवाल्याने सनई कमरेला खोचली. आचाऱ्यांनी हंड्यांखालची लाकडं ओढली, कारण भाजीचा रटरटाटही कोणाला नको होता. बायकांनी लेकरं पदराखाली घेतली. कोणीतरी त्या भाजलेल्या बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ काढली. सारं लग्न उठून पाळीवर आलं आणि मुकं झालं. माझा हिरवा चुडा किणकिणत होता, म्हणून मी एका हाताने दुसऱ्या हाताच्या बांगड्या आवळून धरल्या होत्या.

भैयाजींनी बार काढला. तो जंगलावरून गेला आणि हळूहळू विरला. सोमाजीबाबांनी हात वर करून थांबायला सांगितलं. थांबायचं, म्हणजे त्याला चालायला वेळ मिळतो, एवढंच ते हळू आवाजात बोलले. मग दुसरा बार. मग पुन्हा थांबणं. धुरातून कोणी येईना.

मी देवाला काय काय बोलले ते सांगत नाही. एकच गोष्ट सांगते. ज्या माणसासाठी मी जीव मुठीत धरून उभी होते, त्याचा चेहरासुद्धा मला आठवत नव्हता, कारण मी तो पाहिलाच नव्हता. मला आठवत होते ते दोन अंगठे आणि ते काळंनिळं नख.

भैयाजींची दारू संपली. संपणारच, बंदूक खुंटीला आणि दारू घरात कोण ठेवतं? त्यांनी दारू ठेवायचं रिकामं शिंग उलटं करून पाहिलं. तेव्हा बाबा वळले आणि घराकडे धावत गेले. आले ते डोक्यापासून पायापर्यंत धानाच्या भुशाने माखलेले, एका काखेत उखळी आणि दुसऱ्या हातात दारूची पुडी. ती त्यांनी सगळ्या गावासमोर भैयाजींच्या पायाशी ठेवली.

“हे तुमच्यापासून लपवून आणलं होतं जी. दंड मंग घ्या.”

“मंग घेतो,” भैयाजी म्हणाले. “आदी ठासा.”

उखळीचा बार बंदुकीच्या बारापेक्षा दांडगा निघाला. पायाखालची पाळ हलल्यासारखी वाटली आणि तलावावरचे बगळे उडून गेले. माझ्या हौसेसाठी आणलेली ती दारू एक बार, मग थांबणं, मग एक बार, अशी पाळीवर जळत राहिली. हौसेला ती एकदाच उडाली असती.

ऊन उतरायला लागलं तेव्हा तलावाच्या पलीकडच्या अंगाला, जिथे उन्हाळ्यात नुसता चिखल उरतो, तिथे धुरातून एक माणूस बाहेर आला. फेटा नव्हता, एका बाजूची मिशी जळाली होती. गुणवंतराव. त्यांच्या मागे एकमेकांचे उपरणे, पदर, हात धरून सारी रांग. म्हातारे होते, लेकुरवाळ्या होत्या. गाडीवानाच्या पाठीवर ह्यांची आजी होती. रांगेच्या शेवटी, कोणी मागे राहू नये म्हणून, हे होते. चिखलातून पाळीवर चढताना आधी पाय दिसले, अनवाणी, काट्यांनी रक्ताळलेले. मी नख ओळखलं. मग मी पहिल्यांदा वर पाहिलं आणि चेहरा पाहिला. बरा होता. त्या वेळी तर फारच बरा वाटला.

सोमाजीबाबा ह्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“बार ऐकू आला?”

“आला, बाबा.”

“कोणीकून आला ते समजलं?”

“समजलं जी. दुसरा आवाजच नव्हता.”

सोमाजीबाबा होते तिथेच खाली बसले आणि त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर घेतला. बुधरीचं नाव कोणी घेतलं नाही. सगळं गाव अजून चूपच होतं, आता कोणी सांगितलं नव्हतं तरी.

गुणवंतराव त्या चिखलाने भरलेल्या अंगानेच पुढे आले आणि त्यांनी सोमाजीबाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. केवढा दिमाखाचा माणूस, आणि आवाज निघाला तो लेकराचा.

“आमी हरवलो होतो जी.”

धुरात कोणालाच दिशा कळेना, तेव्हा लांबून बार ऐकू आला आणि सुपारीच्या दिवशी आपण कशाला हसलो ते त्यांना आठवलं, असं त्यांनी मागाहून सगळ्यांना सांगितलं. आपल्यालाच बोलवत आहेत, हे त्यांनी ओरडून वऱ्हाडाला सांगितलं. बार झाला की तिकडे चालायचं, वाट कळेनाशी झाली की थांबून पुढच्या बाराची वाट पाहायची, असं करत ते आले. हसण्यावारी नेलेला नियम त्यांच्या चांगला लक्षात राहिला होता, हे आमचं नशीब.

सगळं सावरेपर्यंत गोरजाचा मुहूर्त टळून गेला होता, पण त्या दिवशी मुहूर्ताची कोणी तक्रार केली नाही. नवरदेवाचं बाशिंग जंगलात जळालं, म्हणून मायने आंब्याच्या पानांचं बांधलं. हे बाबांच्या धोतरात बोहल्यावर उभे राहिले, आणि ते आखूड असल्यामुळे अंगठे सगळ्यांनाच दिसत होते. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा घोकून ठेवलेला उखाणा मी विसरले. सुचलं ते म्हटलं: पाळीवर झाला बार, धुरातून फुटली वाट, शालिकरामांचा धरला हात, गाव उभं पाठोपाठ. यमकाला कोणी हसलं नाही. बायका डोळे पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दंडाच्या पाट्या उचलायला पाळीवर गेले, तर गुणवंतराव आधीच तिथे माती टाकत होते. भैयाजी त्यांना समजावत होते, की फटाके शिवेबाहेर उडाले, तुम्हाला दंड लागत नाही. गुणवंतराव ऐकेनात. शिवेच्या आत वाजवायला आणले होते, म्हणजे मनाने तर नियम मोडलाच, म्हणाले. मग दोघे व्याही पाट्यांवर पाट्या टाकत राहिले आणि हे खोरं घेऊन माती भरून देत राहिले. पुढे ह्यांच्या गावातही पंचायतीने तसाच नियम केला, आणि तो मागायला गुणवंतरावच उठले होते.

आज मी ह्यांच्याशी दिवसातून दोनदा भांडते. बैल बाहेर का बांधला नाहीत, चहा थंड का झाला, कशावरूनही. भांडता भांडता मधेच गप्प होते, तर ह्यांना वाटतं मी रुसले. मी रुसलेली नसते. भांडायला हा माणूस समोर आहे, हे मला त्या क्षणी आठवलेलं असतं. हे देणं कोणाचं आहे ते मला पक्कं ठाऊक आहे. एका म्हाताऱ्याने आपलं माणूस गेल्यावर त्राग्याने जंगल पेटवलं नाही की गाव सोडलं नाही. पुढच्या माणसाला एकच आवाज ऐकू यावा, एवढं त्याने मागितलं. आणि गावाने ते दिलं, कुरकुरत का होईना, माझ्यासारखीने तर जास्तच कुरकुरत.

पाठवणीच्या वेळी मी सगळ्यांच्या पाया पडले. माय रडत होती, बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. सोमाजीबाबा मागे, लांब, कडुनिंबाखाली होते. मी गाडीत चढायचं सोडून त्यांच्याकडे गेले. त्या दिवशी दारात काय बोलले होते ते मला आठवत होतं आणि त्यांनाही आठवत असणार. पण माफी कशी मागतात ते मला कधी आलंच नाही. म्हणून लेकीच्या हक्काने म्हटलं, “बाबा, सारे आहेर देऊन राह्यले. तुमी मले काय देता?”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बांबूच्या कामट्यांनी चिरा पडलेला, खरखरीत हात.

“तुह्या लग्नात सारं गाव चूप बसलं, पोरी. तिच्यासाठी नाई बसलं. आणखी काय देऊ?”

मी गाडीत बसले. वाजंत्रीवाले शिवेपर्यंत वाजवत यायला निघाले होते. मीच त्यांना नको म्हटलं.